टेकडीआडची रेंज

युसूफ वडगावच्या बाजारपेठेत जलालुद्दीन मिस्त्रींचं दुकान आहे. पाटीवर मोठ्या लाल अक्षरांत ‘रेडिओ-टीव्ही दुरुस्ती’ असं रंगवलेलं, आणि त्याखाली त्यांच्या मुलीनं, हुस्नानं, पुढं कधीतरी स्वतःच्या हातानं लिहिलेलं ‘मोबाईलसुद्धा’. गेली कित्येक वर्षं हे ‘सुद्धा’च दुकान चालवत होतं. रेडिओ घेऊन येणारं गिऱ्हाईक वर्षाकाठी एखादं, तेही आठवणीपायी आलेलं.

जलालुद्दीन साठी ओलांडलेले. अंगानं सडपातळ, उजव्या गुडघ्यानं थोडे लंगडत चालणारे. गावातली लहानथोर माणसं त्यांना जलालचाचा म्हणत. सोळाव्या वर्षी ते केजला मामांच्या हाताखाली रेडिओ शिकले, आणि अंबाजोगाईला टीव्हीचा टॉवर उभा राहिला तेव्हा त्यांचे खरे दिवस आले. आसपासच्या वीसेक गावांत असं घर नव्हतं, ज्याच्या माळवदावर चाचांनी एरियल बसवला नव्हता. वर चढून पाइप फिरवायचा आणि खाली ओरडायचं, ‘आलं का?’ खालून आवाज यायचा, ‘मुंग्याच हायत!’ मग बोटभर फिरवायचं. अख्खी गल्ली दारात उभी राहून चित्र स्वच्छ होण्याची वाट बघायची. पुढं घरोघरी डिश आल्या, एरियल भंगारात गेले, आणि चाचांना वाटलं, आपला हात आता कुणाच्या कामाचा राहिला नाही. त्या वर्षी हुस्ना पॉलिटेक्निकच्या सुट्टीत घरी आलेली होती. तिनं वडिलांना समोर बसवलं आणि महिनाभर मोबाईल उघडायला शिकवला. चुकलं की पोर रागवायची, आणि बाप निमूट ऐकायचा.

तर सोयाबीनच्या काढणीचे दिवस होते. सकाळी दहाच्या सुमाराला विमलबाई दुकानात आली आणि तिनं फोन काउंटरवर जवळजवळ आपटलाच.

विमलबाई ही आरोग्य खात्याची आशाताई. गाव आणि गावाबाहेरच्या चार वस्त्या तिच्याकडं. कुणाला दिवस गेले, कुणाच्या लेकराला डोस द्यायचा, कुणाचं बीपी वाढलं, सगळं तिला तोंडपाठ. ती स्वतः टेकडीपलीकडच्या वस्तीवर, सासरे अर्जुनराव आणि नवरा उत्तरेश्वर यांच्यासोबत राहायची.

“चाचा, ह्यो फोन घ्या आन दुसरा द्या,” ती म्हणाली. “गेल्या वर्षापासून दुसरा फोन हाय ह्यो. पैला रेंज धरत न्हाई म्हनून टाकला, ह्यो बी धरत न्हाई.”

“बसा तर खरं, ताई. झालं काय?”

विमलबाई बसली. पदरानं तोंड पुसलं. “खालच्या वस्तीवरची वैष्णवी. दिवस भरलेले. परवा दुपारी तिच्या पोटात दुखाया लागलं. सासूनं मला अकरा फोन लावले चाचा, अकरा! आन अकराच्या अकरा वेळा ‘संपर्क क्षेत्राच्या बाहेर’. मी काय बाहेर गेलते व्हय? मी घरात भाकरी करत व्हते.”

“मग?”

“मग काय, त्यांनी कुनाचा तरी टेम्पो धरला आन दवाखाना गाठला. बाळ-बाळंतीण सुखरूप हायत, देवाची दया. पन ती सासू मला काल सगळ्यांसमोर म्हनली, तू मुद्दाम फोन बंद करून झोपलीस.” तिनं काउंटरवरचा फोन चाचांकडं सरकवला. “बारा वर्षं झाली हे काम करत्याय. एक दिस फोन बंद केला न्हाई.”

चाचांनी काही समजूत घातली नाही. त्यांना ते जमत नसे. त्यांनी फोन हातात घेतला आणि डोळ्याला भिंग लावलं.

“मला एक सांगा. कुठं बसलं की लागत न्हाई, आन कुठं लागतो?”

“घरात न्हाईच. अंगणात कधी येती, कधी जाती. गोठ्याच्या मागं उभं राहिलं की एक काडी येती. टेकडीवर चढलं की फुल.”

चाचांनी आधी फोनचं कव्हर काढलं. कव्हराच्या आत रुपयाएवढी लोखंडी चकती चिकटवलेली होती.

“हे काय?”

“आमच्या ह्यांनी लावलंय. मोटरसायकलवर फोन चिटकतो त्याला.”

“आधीच रेंज उपाशी, आन तुमी तिच्या तोंडावर लोखंड ठिवलं.” चाचांनी चकती उचकटून बाजूला टाकली. सिम काढलं, स्पिरिटच्या कापसानं पुसलं, घासलेलं नाही ना ते उजेडात धरून पाहिलं, परत बसवलं. मग सेटिंगमध्ये गेले. फोन फाईव्ह-जी शोधायला लावलेला होता. ती त्या वस्तीच्या आसपासही नव्हती; बिचारा दिवसभर नसलेली गोष्ट शोधत बॅटरी जाळत होता. चाचांनी तो फोर-जीवर आणून ठेवला. मग आपल्या फोनवरून तिचा नंबर लावला. घंटी लगेच वाजली. बाजूला उभं राहून लावला, दुकानाच्या आत कोपऱ्यात जाऊन लावला. प्रत्येक वेळी वाजली.

“ताई, फोन ठणठणीत हाय,” ते म्हणाले. “बिमार तुमचं घर हाय.”

विमलबाईला ते फारसं पटलं नाही, पण ती फोन घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी तिनं गोठ्यामागून फोन केला. गोठ्याशी आता दोन काड्या येतात, अंगणात एक, घरात मात्र अजूनही ठणठण गोपाळ. चाचांनी फोन ठेवला आणि दुपारी दुकानाचं शटर ओढून घेतलं.

जरीनाबी, त्यांची बायको, दारात उभी राहिली. “गुडघ्याला तेल लावून अजून तास न्हाई झाला. आन निघाले कुठं?”

“अर्जुनरावच्या वस्तीवर. बघून येतो.”

“बघायला काय हाय तिथं? रेंज काय डोळ्याला दिसती का?”

“दिसती,” चाचा म्हणाले आणि स्कूटीला किक मारली.

वस्ती म्हणजे टेकडीच्या कुशीत बसलेली तीन घरं. अर्जुनरावांनी दोन वर्षांपूर्वी नवं घर बांधलं होतं. जाड भिंती, लोखंडी दारं, वर निळे पत्रे. अर्जुनराव बाजेवर बसले होते. राम राम झाला, पाणी झालं, आणि त्यांनी लगेच आतून एक खोकं आणायला लावलं.

“मिस्त्री, हे बूस्टर मागवलंय. ऑनलाईन. तेवढं लावून द्या, दुसरं काय करू नका.”

चाचांनी खोकं उघडलं, यंत्र उलटंपालटं केलं, आणि परत खोक्यात ठेवलं.

“अर्जुनराव, हे लावायची परवानगी नस्ती. सरकार उचलून नेतं.”

“आमच्या घरात काय लावायचं त्याला परवानगी कशाला लागती?”

“असली यंत्रं आंधळी ओरडत्यात. तुमच्या घरात रेंज येईल, पन शेजारच्या चार गावांचे फोन बंद पडतील. मंग त्यांच्या बायका विमलताईला फोन कशा लावतील?”

ह्या शेवटच्या वाक्यानं काम केलं. अर्जुनरावांनी खोकं बाजूला सरकवलं. पण त्यांची नजर सांगत होती, की बरं, मग तुझं काय ते दाखव.

चाचांनी खिशातून आपला फोन काढला. त्यात हुस्नानं त्यांना एक अॅप टाकून दिलं होतं. काड्यांऐवजी ते सरळ आकडा दाखवायचं, उणे नव्वद, उणे शंभर, असा. उणे जितकं जास्त, तितकी रेंज मरतुकडी. चाचा फोन पुढं धरून घरभर फिरले. माजघरात उणे एकशे वीस. दारात एकशे सोळा. अंगणात एकशे बारा. पाठीमागून अर्जुनराव, त्यांच्यामागून विमलबाई, आणि तिच्यामागून वस्तीवरचं कुत्रं, अशी वरात सगळ्या घरातून फिरली.

“गावचा टॉवर टेकडीच्या पलीकडं हाय,” चाचा म्हणाले. “तिथून आलेली रेंज टेकडीला थडकती. जी थोडी उरती ती तुमच्या पत्र्याला थडकती. घरात येतंय ते उष्टंखरकटं.”

“हे आमाला ठावं हाय की,” अर्जुनराव म्हणाले. “म्हनून तर बूस्टर आनलं.”

 चाचा गोठ्याकडं बघत होते. टॉवर उत्तरेला, गोठा घराच्या दक्षिणेला. म्हणजे टॉवरपासून आणखी लांब, आणि मधे टेकडीसोबत घरही आडवं. मग रेंज तिथं जास्त कशी?

ते गोठ्यामागं गेले. उणे एकशे चार. त्यांनी उत्तरेश्वरला हाक मारली आणि लांबात लांब बांबू मागितला. आंब्याच्या पाडासाठी ठेवलेला वीस फुटी बांबू मिळाला. चाचांनी फोनचा पडदा आपोआप चित्रित होईल अशी सोय केली, ही पण हुस्नाचीच शिकवण, फोन फडक्यानं बांबूच्या टोकाला बांधला आणि उत्तरेश्वरला सांगितलं, हळूहळू उभा कर, उभा राहिला की शंभर मोज आणि खाली घे.

उत्तरेश्वर शंभर मोजत असताना अर्जुनराव विमलबाईला हळूच म्हणाले, “चाचाचं वय झालं गं.”

फोन खाली आला. चाचांनी चित्रण परत लावून पाहिलं. वर जाता जाता आकडा घसरत गेला होता. एकशे चार, नव्व्याण्णव, त्र्याण्णव. आणि सगळ्यात वर, उणे अठ्ठ्याऐंशी. पण त्यांचं लक्ष दुसऱ्याच आकड्यावर होतं. अॅप टॉवरचा नंबरही दाखवायचं, आणि तो बदललेला होता.

“हा गावचा टॉवर न्हवंच,” ते पुटपुटले.

ते पाण्याच्या टाकीच्या शिडीवर चढू लागले. विमलबाई ‘चाचा, गुडघा’ म्हणेपर्यंत ते चार पायऱ्या वर होते. टाकीच्या काठाशी उभं राहून त्यांनी दक्षिणेकडं हात कपाळावर धरून पाहिलं. दोन टेकड्यांच्या मधे एक खिंड होती, तिच्यातून दूर धरणाकडचं सपाट रान दिसत होतं. आणि त्या रानात, काडीपेटीतल्या काडीएवढा, एक टॉवर.

चाचा वरूनच हसले. किती वर्षांनी ते असे कुणाच्या घरावर उभे राहून हसले होते! “अर्जुनराव,” ते ओरडले, “तुमी सगळे आयुष्यभर गावाकडं तोंड करून बसलाव! तुमचा टॉवर हिकडं हाय!”

घरी परतताना त्यांच्या डोक्यात सगळं जुळून आलं होतं. सिम घालायचा एक राऊटर. त्याला बाहेरून लावायचा अँटेना, खिंडीकडं तोंड केलेला. राऊटर घरात वायफाय देईल, आणि विमलबाईचा फोन त्याच वायफायवरून कॉल घेईल आणि देईल. यात परवानगीचा प्रश्न नाही, कुणाचं नुकसान नाही. रात्री त्यांनी हुस्नाला फोन केला. ती आता लातूरला नोकरी करत होती. बापाचं सगळं ऐकून घेतल्यावर ती एवढंच म्हणाली, “अब्बा, हे तुमी स्वतः काढलं?”

“मग कोन काढनार?”

“काय न्हाई. मी राऊटर आन अँटेना उद्याच्या एसटीनं पाठवते.”

पार्सल आलं. अँटेना शिडीच्या आकाराचा, हातभर लांब, एका टोकाला निमुळता. चाचांनी तो टेबलावर ठेवून बराच वेळ पाहिला. जुन्या एरियलचं धाकटं भावंडच हे. फक्त कांड्या आखूड. माप वेगळं, कारण लाटा आखूड. बाकी विद्या तीच. पाइप मात्र त्यांनी विकत घेतला नाही. स्वतःच्या माळवदावर पंधरा-वीस वर्षं नुसताच उभा असलेला, जरीनाबी ज्याला कपड्यांची दोरी बांधायची, तो एरियलचा पाइप त्यांनी उपटला. जरीनाबी दोन दिवस बोलली नाही.

ठरल्या दिवशी पाइप गोठ्याच्या भिंतीला पट्ट्यांनी आवळून बसवला. उत्तरेश्वर शिडीवर चढला, कारण विमलबाईनं चाचांना शपथ घातली होती. राऊटर कुठं ठेवायचा यावरून पुन्हा थोडं वाजलं. अर्जुनरावांना तो बैठकीत हवा होता, टीव्हीशेजारी, आल्यागेल्याला दिसेल असा. चाचा म्हणाले, “वायर जितकी लांब तितकी रेंज वायरच पिऊन टाकती. ह्याला गोठ्याला लागून असलेल्या खोलीतच ठिवायचं.” त्या खोलीत कडबा आणि खताची पोती होती. राऊटर पोत्यांच्या वर, कोनाड्यात बसला.

चाचा खाली अंगणात, राऊटरचा आकडा फोनवर उघडून, मान वर करून उभे राहिले.

“फिरव. अजून. अजून थोडं उजवीकडं. फार झालं, परत ये. बोटभर! बोटभर म्हनलं की बोटभर, वीतभर न्हाई!”

आयुष्यभर ते वर असायचे आणि खाली कुणीतरी ओरडायचं. आज ते खाली उभे राहून ओरडत होते, आणि त्यांना कळलं की खाली उभं राहणाऱ्याचा जीव किती टांगणीला लागतो. उणे एक्क्याण्णव. शहाऐंशी. एक्क्याऐंशी.

“थांब! हलू नको! आवळ नट!”

विमलबाई आत चुलीपाशी गेली. फोन ओट्यावर ठेवला, जिथं त्या दिवशी तो मेल्यासारखा पडून होता. चाचांनी अंगणातून तिचा नंबर लावला. आतून घंटी वाजली आणि पाठोपाठ विमलबाईचा आवाज आला, एकदा फोनमधून आणि एकदा भिंतीपलीकडून, “चाचा! लागला वो!”

अर्जुनरावांनी बाजेवरून उठून सगळ्यांना चहा सांगितला. बूस्टरचं खोकं दुसऱ्या दिवशी परत गेलं.

पण काम एका फेरीत संपलं नाही. चौथ्याच दिवशी विमलबाई पुन्हा दुकानात. “चाचा, लाईट गेली की रेंज गेली. आन लाईट तर दिवसातून चारदा जाती.”

ही गोष्ट चाचांच्या ध्यानातच आली नव्हती. त्यांना स्वतःचा राग आला. टीव्हीच्या काळात लाईट गेली की टीव्हीच बंद, मग रेंजचं कुणाला पडलंय. त्या सवयीनं त्यांनी हिशेब केला होता. ते वस्तीवर गेले आणि इकडंतिकडं बघू लागले. कडब्याच्या खोलीतच, खुंटीला, फवारणीचा बॅटरीवाला पंप लटकत होता.

“ह्याची बॅटरी बारा व्होल्टची ना?” त्यांनी विचारलं.

“हाय की,” उत्तरेश्वर म्हणाला. “पन तुरीवर फवारनी ऱ्हायलीय चाचा.”

“फवारनी करताना काढून घे. संध्याकाळी परत लाव.”

अर्ध्या तासात राऊटर पंपाच्या बॅटरीवर चालू लागला, आणि बॅटरी चार्जरला कायम जोडलेली. लाईट असो नसो, त्याला फरक पडेना. पुढच्या महिन्यात उत्तरेश्वरनं त्याच्यासाठी स्वतंत्र बॅटरी आणली, कारण फवारणीला गेलं की विमलबाई भांडायची.

त्यानंतर एका सकाळी चाचा शटर वर करत असताना विमलबाई मोटरसायकलवरून उतरली. चेहरा दमलेला, पण डोळे चमकत होते. वरच्या वस्तीवरची सावित्रीबाई, तिच्या सुनेला पहाटेच कळा सुरू झाल्या. सावित्रीबाईनं फोन लावला. एकदाच. पहिल्या घंटीला उचलला. विमलबाईनं घरातूनच दवाखान्याची गाडी बोलावली, आणि गाडी वस्तीच्या वाटेवर येईपर्यंत ती स्वतः तिथं पोचलेली होती.

“पोरगी झाली. अडीच किलो,” ती म्हणाली. “आन चाचा, ती वैष्णवीची सासू हाय ना, ती दवाखान्यात व्हती त्यांच्या बाळाच्या डोसासाठी. तिच्यासमोर सावित्रीबाई म्हनली, विमल तर एका घंटीत उचलती फोन.”

“मग ती काय म्हनली?”

“काय म्हनतीय! बाळ हातात दिलं माझ्या. म्हनली, धर जरा, मी पानी पिऊन येते.”

चाचांना एवढं पुरेसं होतं. विमलबाईलाही. तिनं पेढ्याचा पुडा काउंटरवर ठेवला आणि ती पुढच्या घरी निघून गेली.

बातमी वाऱ्यासारखी फिरली. संक्रांतीपर्यंत चाचांनी एक अंगणवाडी, एक शाळा आणि तीन वस्त्या केल्या. कुठं नुसती फोनची सेटिंग बदलून भागलं, कुठं घरमालकाला फक्त एवढं सांगितलं, की फोन लोखंडी कपाटावर ठेवू नका, खिडकीत ठेवा. कुठं पाइप लागला. जरीनाबीला त्यांनी कपड्यांसाठी नवा पाइप रोवून दिला, तिच्या मनाजोग्या उंचीचा, आणि तिचा उरलासुरला राग गेला. दुकानात ते आता निम्माच दिवस असत. उरलेला दिवस स्कूटीवर, मागं बांबू बांधलेला. लांबून बांबू दिसला की लोक म्हणत, मिस्त्री आले.

सगळीकडंच जमलं असं मात्र नाही. डोंगरात पार आत धुळाजींची वस्ती आहे. पाच-सहा झोपड्या आणि शंभर-दीडशे मेंढरं. विमलबाईनंच त्यांना तिकडं नेलं, कारण धुळाजींची नात सात महिन्यांची गरोदर. चाचांनी सकाळपासून चारी दिशांना बांबू उभा केला. आजूबाजूच्या कड्यांवर चढले, तिथं सोबत आलेल्या उत्तरेश्वरनं त्यांना हात धरून नेलं. कुठंच काही नाही. आकडा उमटायचा आणि पुसून जायचा. उन्हं कलली तेव्हा ते खाली येऊन धुळाजींपुढं उकिडवे बसले.

“बाबा, तुमच्या इथं माझं काय चालत न्हाई,” ते म्हणाले. “खोटं कशाला बोलू. चहूकडून कडा हाय.”

ऐंशीचे धुळाजी काठीवर हनुवटी टेकून बसले होते. “न्हाई तर न्हाई,” ते म्हणाले. “आमी कुठं कवा फोनवर बोललाव. पन तुमी एवढं हिंडलाव आमच्यापायी. जेवल्याबगर जायचं न्हाई.”

विमलबाईनं तोवर आपली वही काढली होती. तिनं धुळाजींच्या सुनेशी बोलून ठरवलं, की नववा लागला की नातीला गावात आणून ठेवायचं, विमलबाईच्याच मावशीकडं, दवाखान्याजवळ. तोपर्यंत दर शनिवारी ती स्वतः येऊन बघून जाईल. पोरगी दाराआडून ऐकत होती. मावशीकडं टीव्ही आहे का, एवढंच तिनं विचारलं.

मग सगळे जेवायला बसले. बाजरीच्या गरम भाकरी, लसणाचा ठेचा, मेंढीच्या दुधाचं घट्ट दही. चाचांनी तीन भाकरी खाल्ल्या, गुडघा पसरून बसले, आणि धुळाजींनी काढलेल्या जुन्या दुष्काळाच्या गोष्टी ऐकत राहिले. परत निघताना धुळाजींच्या सुनेनं दह्याचं गाडगं त्यांच्या स्कूटीला बांधून दिलं, जरीनाबीसाठी. दिवस मावळायच्या आत ते गावात पोचले. गाडगं सांडलेलं नव्हतं.